सव्वा मीटरचं कुंपण

बाड एर्लेनबोर्न
३ जून १९८८

प्रिय ट्राउडल,

दोनदा तू इस्पितळाच्या दारापर्यंत आलीस, हातात मुळ्याची जुडी घेऊन, आणि दोन्ही वेळा मी तुला बाहेरच्या बाकावरूनच परत पाठवलं. तुला काय वाटलं असेल ते मला ठाऊक आहे. पण एगोननं बजावलं होतं, बागवसाहतीतलं एकही माणूस खोलीत येता कामा नये. सतरा वर्षं ज्यानं समितीतर्फे मोजपट्टी घेऊन लोकांच्या भाड्याच्या बागा तपासल्या, त्याला लोकांनी नळ्या लावलेल्या अवस्थेत पाहावं, हे त्याला सोसत नव्हतं. आता आम्ही इथे डोंगरातल्या आरोग्यधामात आलो आहोत. सहा आठवडे त्यानं पुन्हा चालायला शिकायचं आणि मी शेजारच्या पाहुणघरात राहून त्याला धीर द्यायचा, अशी वाटणी आहे. फोन त्याच्या उशाशी आहे, म्हणून लिहिते. शिवाय तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मला सगळ्या मजल्याला ऐकवावं लागतं. कानाचं यंत्र बिस्किटांच्या डब्यात ठेवणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

तो पडला कसा ते तुला अजून नीट सांगितलंच नाही. पेंटेकॉस्टच्या सणाआधी मी नेहमीसारखे पडदे धुतले. धुवायचे मी आणि टांगायचे त्यानं, ही आमची लग्नापासूनची पद्धत. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढून त्यानं टांगले, खाली उतरला, मागे सरून एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "डावीकडे बोटभर खाली आहे." मी म्हटलं, "असू दे रे, सण आपला आहे, पडद्याचा नाही." पण तो काय ऐकतोय! पुन्हा चढला. स्टूल सरकलं आणि खुबा मोडला.

हाड जुळतंय, डॉक्टर खूश आहेत. मी खूश नाही. काल तो छताकडे बघत म्हणाला, "बोटभर वाकडं राहिलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं?" ट्राउडल, हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मी अडतीस वर्षं थांबले होते. आणि ऐकलं तेव्हा मी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

त्याच्या पलंगासमोर भिंतीवर एक चित्र आहे. तळं आणि दोन हंस. ते इतकं तिरकं लागलंय की हंस उतारावरून घसरताना दिसतात. आम्ही आल्यापासून एगोन रोज त्याच्याकडे बघतो आणि एक अक्षर बोलत नाही.

स्ट्रॉबेरी पिकल्या असतील. पक्ष्यांना देऊ नकोस, तूच खा.

तुझी
हेडे


हेर्ने
७ जून १९८८

प्रिय हेडे,

बाकावरून परत पाठवलंस त्याचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? ते मुळे मी घरी जाऊन मीठ लावून एकटीनं खाल्ले आणि रात्रभर पोट धरून बसले. तुझं पत्र वाचलं आणि फिट्टंफाट झाली.

तुझ्या बागेची काळजी सोड. पाणी मी घालते, तण शेजारच्या बागेतली गुलिझार काढते. स्ट्रॉबेरीचा तिनं मुरंबा केलाय, सहा बाटल्या, आणि तिचा नवरा निहात रोज एक बाटली उचलून विचारतो, "ही एक फुटली असं हेडेताईंना लिहायचं का?" भोपळ्याच्या वेलानं तुमच्या खतखड्ड्यावर मुक्काम ठोकलाय. कांदे बरे आहेत.

एगोनला सांग, परवा भरदुपारी दीड वाजता कोपऱ्यातल्या नव्या बिऱ्हाडकरूनं गवत कापायचं यंत्र सुरू केलं. दुपारच्या शांततेच्या वेळी! आम्ही सगळे आपापल्या खुर्च्यांतून उठून वाटेकडे बघत राहिलो, की आता तो येणार, खिशातून घड्याळ काढणार आणि त्या पोराला नियम वाचून दाखवणार. कुणीच आलं नाही. त्या पोरानं थोड्या वेळानं आपणहून यंत्र बंद केलं आणि आत जाऊन बसला. नंतर मला म्हणाला, "ओरडणारं कुणी नसलं की मजाच नाही हो."

तुमचं झुडपांचं कुंपण मात्र वाढलंय. नियमातल्या सव्वा मीटरच्या वर कधीच गेलं. पण कात्री लावायची छाती कुणाची होणार? सव्वामीटरसाहेबांच्या कुंपणाला हात लावणं म्हणजे पाद्रीबुवांना प्रवचन देण्यासारखं आहे. माझं तर विचारूच नकोस, माझं ठेंगणं कुंपण बघून शेंबडी पोरंसुद्धा हसतात.

ते हंस तू सरळ करू नकोस हं. तसेच राहू देत.

तुझी
ट्राउडल


बाड एर्लेनबोर्न
१४ जून १९८८

प्रिय ट्राउडल,

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. यंत्राच्या गोष्टीवर मी थांबले, म्हटलं आता काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "गरम होत असेल, लवकर उरकायचं असेल बिचाऱ्याला." बिचाऱ्याला! दोन वर्षांपूर्वी याच एगोननं याच कारणासाठी पाद्रीबुवांना समज दिली होती.

आता खरं सांगते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. डॉक्टरांचं म्हणणं असं की इथून निघण्याआधी त्यानं जिना चढून दाखवला तर घरी जाता येईल, नाहीतर दुसरी सोय बघा. हाडाचा आता अडसर नाही, जिना चढणं त्याच्या हातात आहे, त्यानं मनावर घ्यायला हवं. आणि तो मनावर घेत नाही. व्यायाम शिकवणारी मुलगी येते, "चार पावलं टाकू या का?" म्हणते. हा चार टाकतो. पाचवं टाकत नाही. म्हणतो, "चारच सांगितली होती."

बेर्बेल म्युनिकहून येऊन गेली. लेक आहे, तिला काळजी वाटणारच. तिनं वृद्धाश्रमाची माहितीपुस्तिका आणली होती, तळमजला, जेवण खोलीत, खिडकीत जिरेनियमची कुंडी. मला वाटलं एगोन ती पुस्तिका भिरकावून देईल. त्यानं ती नीट वाचली, घडी घातली आणि म्हणाला, "बरी दिसते." मग माझ्याकडून कागद मागून घेतला आणि बाग सोडत असल्याची चिठ्ठी लिहिली, सतरा नंबरचा तुकडा यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावा म्हणून. ती सोबत ठेवली आहे. तू समितीला नेऊन दे असा त्याचा निरोप आहे.

मी तुला दे म्हणत नाही आणि देऊ नकोस असंही म्हणत नाही. मला काही सुचेनासं झालंय. पण बाग गेली की एगोन गेला, एवढं मला कळतं. खाणीतून निवृत्त झाल्यावर त्याला माणसात ठेवलं ते त्या बागेनं आणि त्या मेल्या मोजपट्टीनं.

तुझी
हेडे


हेर्ने
१८ जून १९८८

प्रिय हेडे,

चिठ्ठी मिळाली. माझ्या बिस्किटांच्या डब्यात, कानाच्या यंत्राच्या खाली ठेवलीय. तिथे मी स्वतःही कधी हात घालत नाही, त्यामुळे ती समितीपर्यंत कशी पोचणार, देवच जाणे.

मला फक्त एकच कळव. त्याला राग येतो का? थोडासा? सूप गार झालं म्हणून, खिडकी उघडी राहिली म्हणून, कशावरूनही?

संत योहानचा सण जवळ आला. कुंपणं कापायचे दिवस.

ट्राउडल


बाड एर्लेनबोर्न
२२ जून १९८८

प्रिय ट्राउडल,

नाही, राग येत नाही. काल संध्याकाळी सगळं आरोग्यधाम दूरचित्रवाणीसमोर जमलं होतं. आपण हॉलंडशी हरलो. कुबड्या घेतलेले लोक कुबड्या आपटत होते, स्वयंपाकीणबाई रडली. एगोन म्हणाला, "दोघांतलं कुणीतरी हरणारच." आणि झोपायला गेला.

मी बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि त्या स्वयंपाकीणबाईबरोबर मीही रडून घेतलं. तिला वाटलं मी फुटबॉलसाठी रडतेय.

हेडे


हेर्ने
२७ जून १९८८

प्रिय हेडे,

आनंदाची बातमी! शनिवारी आम्ही सगळ्यांनी मिळून तुमचं कुंपण कापलं. निहात, मी, कोपऱ्यातला तो यंत्रवाला पोरगा, आणि बटाट्याचं सॅलड घेऊन गुलिझार. निहातच्या भाच्याकडे लगेच फोटो बाहेर येणारा कॅमेरा आहे, त्यानं काढलेला फोटो सोबत ठेवलाय. कसं झालंय सांग! आम्हाला तर बाई फारच सुंदर वाटलं. बघता बघता उरकलं. नियम, मोजमाप यांचा उगीच बाऊ करतात लोक.

फोटो एगोनला नक्की दाखव. त्याला केवढं बरं वाटेल!

घाईत आहे, चेरीचा पाक उतू जातोय.

तुझी
ट्राउडल


बाड एर्लेनबोर्न
२९ जून १९८८

ट्राउडल,

फोटो मिळाला.

आधी मला वाटलं कॅमेरा तिरका धरला असेल. मग मागची झोपडी पाहिली, ती सरळ आहे. फाटकापाशी सव्वा मीटर असेल कदाचित, पण पार तिकडे कोपऱ्याशी दीडला टेकलंय. आंधळ्यालासुद्धा दिसेल. आणि त्याच्यापुढे तुम्ही सगळे हातात कात्र्या घेऊन दात काढत उभे!

एगोननं तुम्हा सगळ्यांना छळलं, मला मान्य आहे. निहातच्या घेवड्याचे मांडव त्यानं दोनदा उतरवायला लावले. त्या पोराला तर त्यानं पहिल्याच आठवड्यात रडवलं. पण सूड घ्यायचाच होता तर माणूस उभा असताना घ्यायचा, आडवा पडलेला असताना नाही. बाकीच्यांचं मला फार वाटत नाही. तू त्यांच्यात होतीस, याचं वाटतं. चेरीचा पाक काय, बरं वाटेल काय! मी तुला बहिणीच्या जागी मानत होते.

फोटो मी त्याला दाखवलेला नाही आणि दाखवणारही नाही. माझ्या पर्समध्ये आरशाच्या मागे घालून ठेवलाय. स्वतःची बाग तुमच्या हातून अशी विद्रूप झालेली त्यानं कशाला पाहायची?

ती चिठ्ठी समितीला देऊन टाक.

हेडविग


हेर्ने
१ जुलै १९८८

अगं ए बावळट,

मी तो फोटो तुझ्या आरशामागे ठेवायला पाठवला होता का? त्याला दाखव! हे पत्र वाचून होताच दाखव. चहा पिऊ नकोस, चप्पल शोधू नकोस, आधी दाखव!

तुला आधी सांगितलं नाही, कारण तुझ्या पोटात एक गोष्ट राहत नाही. पोटात राहिली तर तोंडावर येते. मला वाटलं होतं, फोटो बघून तू चिडशील, तणतणत त्याच्यापुढे आपटशील आणि तुझा खरा राग बघून तो पेटेल. तू त्याला जपायला जाशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझंच चुकलं. चाळीस वर्षं तुला ओळखते, एवढं कळायला हवं होतं.

हे का केलं ते सांगते. तुला कुनिबर्ट गेल्यानंतरचे माझे दिवस आठवतात? माझा नवरा तसा खाणीतच अर्धा मेला होता, उरलेला अर्धा त्या बागेच्या झोपडीत खोकून खोकून गेला. त्यानंतर मी तिथेच पडदे ओढून पडून राहिले. तू दारात सूप ठेवायचीस, मी ते उचलायचे नाही. सगळे येऊन गोड बोलून जायचे. मला वाटायचं, हे सगळे माझ्या पायांवर माती लोटताहेत. आणि एक दिवस सकाळी दार धडाधड वाजलं. उघडलं तर तुझा एगोन. हातात ती पिवळी मोजपट्टी. ना सांत्वन, ना नमस्कार. म्हणाला, "कुंपण चार बोटं जास्त आहे. आठ दिवसांत कापा, नाहीतर समितीपुढे जाईल."

हेडे, मला असा संताप आला! नवऱ्याला जाऊन महिनाही झाला नाही आणि हा मेला कुंपण मोजतोय! मी त्याला जे बोलले ते पाद्रीबुवांपुढे सांगता येणार नाही. दार आपटलं, कुनिबर्टची कात्री घेतली आणि तशीच गाऊनवर बाहेर पडून ते कुंपण भादरून काढलं. कापता कापता रडले, रडता रडता कापलं. संपलं तेव्हा भूक लागली होती. दारातलं तुझं सूप मी उभ्यानंच प्यायले. त्या दिवशी कापलं त्याच रेषेवर अजून दरवर्षी कापते. म्हणून ते ठेंगणं आहे. हसणाऱ्यांना हसू दे.

एगोनला त्यातलं काही कळलं असेल असं मी म्हणत नाही. त्याला कुंपणापलीकडे कधी काय दिसलंय? पण दगडानंही फुटलेला पाट अडवता येतो. मायेनं जे झालं नाही ते त्याच्या खडूसपणानं झालं. म्हणून म्हटलं, आता त्याचंच औषध त्याला पाजू या.

सोपं नव्हतं हं. सगळ्यांत जास्त रडवलं ते निहातनं. तीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरात फरश्या बसवल्या त्या माणसानं, त्याच्या हातून वाकडं होईना! पहिल्यांदा नुसते शेंडे छाटले, तेही सरळच झाले. मी ओरडले, तर म्हणतो, "ट्राउडलताई, हात वळत नाही हो." शेवटी त्यानं दोन खुंट्या ठोकल्या, एका टोकाला वर, एका टोकाला खाली, दोरी ताणली आणि मग त्या दोरीबरहुकूम कापलं. गुलिझार हसून हसून बटाट्यांवर पडली. आणि सगळं झाल्यावर निहात बाजूला जाऊन डोळे पुसत होता. मला म्हणाला, "आता ते उठले नाहीत तर मी हे रोज कसं बघू?"

आता समजलं ना कोण दात काढत होतं आणि का? दाखव त्याला.

तुझी बहीण, अजूनही असेन तर,
ट्राउडल


बाड एर्लेनबोर्न
५ जुलै १९८८

माझी ट्राउडल,

तुझं पत्र पोचायला एक दिवस उशीर झाला. त्याच्या आदल्या दिवशीच सगळं घडलं होतं. कसं घडलं ते सांगते, मग माझ्या त्या पत्राबद्दल तुझे कान, म्हणजे तुझं यंत्र, धरून माफी मागते.

रविवारी दुपारी मी त्याच्या खोलीत खुर्चीतच डुलक्या घेत होते. त्याला पेपरमिंटची गोळी हवी होती, म्हणून त्यानं माझी पर्स ओढून घेतली. मी जागी झाले तेव्हा फोटो त्याच्या हातात होता. मी म्हटलं, "एगोन, मनावर घेऊ नकोस, लोक आहेत, असतात तसेच." त्यानं चष्मा लावला. फोटो नाकाशी धरला. मग टेबलावरचं जेवणाचं कार्ड घेतलं आणि त्याची सरळ कड फोटोतल्या कुंपणावर ठेवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कार्ड उचललं, पुन्हा ठेवलं.

मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. मी धावत गेले, तर तो हसत होता. मे महिन्यापासून हसला नव्हता तो माणूस! हसताना खुबा दुखत होता म्हणून "आई गं" म्हणत होता आणि पुन्हा हसत होता.

"हेडे," म्हणाला, "हे बघ. एका पानाचासुद्धा फरक नाही. माणूस चुकून वाकडं कापतो तेव्हा कुठे वर जातं, कुठे खाली येतं. हे दोरी लावून वाकडं कापलंय! हा निहात आहे. त्याला धड वाकडंही कापता येत नाही गाढवाला."

मी म्हटलं, "म्हणजे मुद्दाम केलं ना त्यांनी? तुझी चेष्टा करायला?"

त्यानं फोटोतल्या एकेकाच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "चेष्टेसाठी कुणी एवढी मेहनत करत नाही. मला बोलावताहेत ते."

आणि ट्राउडल, तो उठला. मी हात पुढे केला तर माझ्यावरच खेकसला, "बाजूला हो, मध्ये येऊ नकोस!" किती गोड वाटलं म्हणून सांगू! कुबड्या घेतल्या आणि भिंतीपर्यंत गेला. कुबडीच्या टोकानं ते चित्र डावीकडून वर ढकललं, मागे सरला, एक डोळा मिटला, पुन्हा ढकललं. मला म्हणाला, "पाच आठवडे हे हंस असे घसरताहेत आणि तुला दिसलं नाही?"

काल त्यानं व्यायामाच्या मुलीला सांगितलं की जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत, चौथी जास्त आहे. ती म्हणाली, "शक्यच नाही." मग दोघं वाद घालत घालत वरच्या मजल्यावर पोचली. डॉक्टर म्हणतात, असाच चढत राहिला तर घरी न्या. बेर्बेलला मी फोन केला. ती इतकी रडली की तिला जिरेनियमबद्दल काही बोलवेना.

तू बहिणीबद्दल लिहिलंस. मी एवढी रागावले, कारण दुसरं कुणी असतं तर मला इतकं लागलंच नसतं. मला माफ कर आणि विसरून जा. तुझं मोठं पत्र मी आज त्याला वाचून दाखवलं, कुनिबर्टचं, सुपाचं, सगळं. तू त्याला खडूस म्हटलंस तेही गाळलं नाही. त्यावर तो खिडकीकडे तोंड करून बसला. मग म्हणाला, तिला मी लिहितो.

तो पत्र लिहितो म्हणाला, यावर तू विश्वास ठेवशील का? लग्नाआधीसुद्धा मला त्यानं फक्त वेळ आणि ठिकाण कळवलं होतं.

तुझी, तुझीच,
हेडे


बाड एर्लेनबोर्न
९ जुलै १९८८

प्रति, श्रीमती ट्राउडल, भूखंड क्रमांक सोळा
विषय: भूखंड क्रमांक सतराचे कुंपण

आपण पाठवलेल्या छायाचित्राची पाहणी करण्यात आली. सदर कुंपण फाटकापाशी नियमानुसार असून कोपऱ्याकडे बेकायदेशीररीत्या उंचावत गेले आहे. भूखंडधारक या नात्याने याची जबाबदारी माझ्यावर येते. सबब पाहणी अधिकारी या नात्याने मी मला लेखी समज दिली आहे, आणि ती मला मिळाल्याची सही मी केली आहे.

श्री. निहात यांना कळवावे की वाकडे कापताना दोरी लावू नये.

समितीच्या नावे लिहिलेला एक कागद आपल्या बिस्किटांच्या डब्यात असल्याचे समजते. तो शेगडीत घालावा. यंत्र मात्र कानात घालावे.

इथपर्यंत सरकारी झालं. पुढचं तू एकटीनं वाच, ट्राउडल.

हेडेनं तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यात एक माप चुकीचं आहे आणि ते दुरुस्त करणं माझं काम आहे.

त्या सकाळी मी तुझ्या दाराशी येण्याआधी तुझं कुंपण मोजलं होतं. दोन्ही टोकांना आणि मध्ये. ते सव्वा मीटर होतं. कुनिबर्टनं दोन श्वासांच्या मध्ये बसत उठत शेवटचं कापलेलं, पण केसभर इकडेतिकडे नव्हतं. त्याच्यासारखं कापणारा आपल्या वसाहतीत पुन्हा झाला नाही. हेडे रोज तुझ्या दारातलं गार सूप परत आणायची आणि मोरीत ओतायची. मला गोड बोलता येत नाही, कधीच आलं नाही. मला एकच गोष्ट बोलता येते. म्हणून दार वाजवलं आणि चार बोटं जास्त आहे असं सांगितलं. तू मला जे बोललीस ते मी वाटेत उभं राहून पूर्ण ऐकलं. मग कात्रीचा आवाज आला आणि मी घरी गेलो. हेडेला आजपर्यंत सांगितलं नव्हतं. कुनिबर्टच्या हातचं शेवटचं काम माझ्या शब्दामुळे कापलं गेलं, ते मला दर वर्षी तुझं कुंपण बघताना टोचतं. पण पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच माप सांगेन.

सतरा वर्षांत मी खोटं माप एवढं एकदाच दिलं.

पुढच्या शनिवारी आम्ही येतो आहोत. तीननंतर, म्हणजे शांततेची वेळ संपल्यावर. कोपऱ्यातल्या पोराला सांग की घड्याळ माझ्या खिशात असेल. माझ्या कुंपणाला कुणी हात लावायचा नाही, ते मी स्वतः सरळ करीन, खुर्चीत बसून, रोज थोडं थोडं. निहातनं शेजारी उभं राहावं आणि तोंड बंद ठेवावं. गुलिझारनं बटाट्याचं सॅलड करावं. मुरंब्याच्या बाटल्या सहा होत्या हे मला माहीत आहे.

आणि तुझ्या कुंपणाला या वर्षी कात्री लावू नकोस, ट्राउडल. चार बोटं वाढू दे. कुनिबर्टनं ठेवलं होतं तिथपर्यंत आलं की मला हाक मार. मी चालत येईन आणि मोजून देईन.

एगोन